पॉक्सोच्या केसमधल्या मुलीच्या रिक्षाचे पैसे कोण देतं?

पासबुक_काकू
बँकेतून व्हीआरएस घेऊन सहा वर्षं झाली. त्यातली चार मी एका छोट्या संस्थेकडून ‘सपोर्ट पर्सन’ म्हणून काम करतेय. सरकारी कागदात ‘सहाय्यक व्यक्ती’. ज्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पॉक्सोखाली (मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) दाखल झालीय त्याच्याबरोबर आणि त्याच्या घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत राहायचं, काय चाललंय ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं, त्यांचं म्हणणं बाल कल्याण समितीपर्यंत (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) पोचवायचं. नेमणुकीचं पत्र समितीच देते.

आज लिहायला बसले कारण परवा एका बैठकीत एक साहेब म्हणाले, “मॅडम, पैशाचं काही अडलेलं नाही. योजना आहेत की भरपूर.” साहेब खोटं बोलत नव्हते, तीच तर गंमत आहे.

दोन प्रसंग सांगते. माणसं, वय, भाग, सगळं बदललंय. ओळखायचा खटाटोप करू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

पहिला. मुलगी दहा-अकरा वर्षांची, पुण्याच्या दक्षिण टोकाच्या वस्तीतली. कोर्ट शिवाजीनगरला. पीएमपीच्या बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक, असा सरळ आणि स्वस्त रस्ता आहे. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरचे त्याच वस्तीत राहतात आणि तारखेच्या दिवशी त्याच स्टॉपवर उभे असतात. त्यांनाही तिथेच जायचं असतं ना. पहिल्या वेळी त्याची आत्या मुलीच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. बोलली काही नाही. नुसती बसली, पिशवी मांडीवर घेऊन. स्वारगेटला उतरताना मुलीने आईच्या साडीवर उलटी केली. तेव्हापासून रिक्षा. मीटरने जायचे पावणेदोनशे-दोनशे, यायचे तेवढेच. आई चार घरची धुणीभांडी करते, तारखेला खाडा. मुलीला उगाच हेलपाटे घालायला लावू नका असं कायदा सांगतो, पण साक्षीचं समन्स आलं की जावं लागतं, आणि साक्ष त्याच दिवशी होईल याची खात्री नाही. कधी आरोपीचे वकील नाहीत, कधी जजसाहेब रजेवर. चौथ्या खेपेला साक्ष झाली. रिक्षाचे पैसे दोनदा संस्थेने दिले, एकदा मी, एकदा आईने उसने आणले.

दुसरा. या घराला नुकसानभरपाई मंजूर झाली होती, म्हणून मुलाच्या नावाने खातं आणि मुदत ठेव करायला आम्ही बँकेत गेलो. बँकेचं नाव नको. आदेशावर कलम ठळक छापलेलं. काउंटरवरच्या मुलाने कागद वाचला आणि मान वळवून मागच्या टेबलाला विचारलं, “अरे, हे पॉक्सोचं कुठल्या स्कीममध्ये घ्यायचं?” रांगेत आठ-नऊ माणसं होती. मी सत्तावीस वर्षं त्याच काचेच्या आतल्या बाजूला बसलेली बाई. मला त्या मुलाचा रागही येईना, त्याला कुणी शिकवलंच नसणार. बाप तसाच उठून बाहेर गेला. खातं तीन आठवड्यांनी दुसऱ्या शाखेत उघडलं, तेही आधारवरचं नाव आणि आदेशातलं नाव यात एका काना-मात्रेचा फरक निघाला म्हणून आणखी एक फेरी मारून.

ठेवीतली बहुतेक रक्कम मुलगा अठराचा झाल्यावर हातात येणार. ते बरोबरच आहे, नाहीतर घरातलं कुणीतरी उडवेल. पण तो रात्री झोपत नाही, अंथरूण ओलं करतो, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं. त्याला समुपदेशक आत्ता हवा.

माझा प्रश्न असा. कोर्ट चालवायला पैसा आहे, शेवटी भरपाई द्यायला पैसा आहे. मधली दोन, तीन, पाच वर्षं जी असतात, त्यांच्यासाठीचा पैसा नेमका कुठे असतो आणि तो कुणी मागायचा?

रोखठोक_औंध
काकू, कामाला सलाम. पण समुपदेशन, भरपाई हे सगळं नंतर. आधी दोन-चार जणांना फासावर चढवा, बाकीचे आपोआप सरळ होतील. कायदाच मऊ आहे आपला.

पासबुक_काकू
राग कळतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने गंभीर प्रकारांत फाशीची तरतूद आलेली आहे, कायदा मऊ वगैरे काही नाही. मी ज्या घरांत गेले तिथे आरोपी कोण होते सांगू? सख्खा काका, घरमालकाचा मुलगा, क्लासचे सर, दोन घरांत बाप. देशभरातही दहातले नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतलेच असतात. फाशीचं नाव निघालं की आजी मुलीला जवळ घेऊन म्हणते, “नको गं बाई, घरातला माणूस जाईल.” आणि मुलगी जबाब फिरवते. शिक्षा व्हायला तरी ती साक्षीपर्यंत टिकली पाहिजे ना? तिला टिकवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला निदान रिक्षाभाडं.

काळा_कोट
मी शिवाजीनगरलाच असतो. काकूंच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. ते वापरलं का जात नाही, ही वेगळी कथा.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याखालचे नियम २०२० मध्ये नव्याने आले. त्यातला आठवा नियम म्हणजे ‘विशेष मदत’. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती शिफारस करू शकते, आणि विधी सेवा प्राधिकरणाने (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ते पैसे शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात द्यायचे आहेत. म्हणजे काकूंची रिक्षा या नियमात अगदी मापात बसते. चार वर्षांत या नियमाखाली मदत मागणारे अर्ज माझ्या नजरेला दोन पडले. त्यातला एक माझाच.

नववा नियम अंतरिम भरपाईचा. एफआयआर नोंदल्यानंतर केव्हाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, निकालाची वाट बघायची गरज नाही. आरोपी सापडला नाही किंवा सुटला तरीही भरपाई देता येते. उपचारांचा खर्च, बुडालेली शाळा, बुडालेली मजुरी हे सगळं त्यात धरता येतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने रक्कम द्यायची.

आणि सपोर्ट पर्सनचे पैसे पाचव्या नियमात आहेत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०५ खालचा निधी, किंवा बाल संरक्षण कक्षाकडे असलेला दुसरा कुठलाही निधी, यातून राज्य सरकारने द्यायचे. आता गोम अशी की कलम १०५ म्हणतं, राज्य सरकार असा निधी निर्माण ‘करू शकते’. करेलच असं नाही. आमच्या धंद्यात या एका शब्दावर पिढ्या जेवल्या आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सपोर्ट पर्सनवर सविस्तर आदेश दिला. नेमणूक आपल्या मर्जीची गोष्ट नाही, आणि त्यांना शिक्षण-अनुभवाला साजेसं मानधन मिळालं पाहिजे, असा त्याचा रोख.

पासबुक_काकू
वकीलसाहेब, मला चार वर्षांत मानधनाचे एकूण दोन हप्ते मिळाले. माझी पेन्शन आहे म्हणून चाललंय. माझ्याबरोबर एमएसडब्ल्यू झालेली एक पोरगी होती, कामाला एक नंबर. लहान मुलं तिच्याशी पाच मिनिटांत बोलायला लागायची. गेल्या वर्षी हिंजवडीत एका कंपनीच्या एचआरमध्ये लागली. तिच्या हातातल्या सहा केसेस माझ्याकडे आल्या. त्या सहाही मुलांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला, “ती ताई का येत नाही?”

हिशेबनीस
ऑडिटमध्ये आयुष्य गेलं, म्हणून आकडे बघायची खोड.

कोर्टाची बाजू आधी. फास्ट ट्रॅक विशेष न्यायालयांची केंद्राची योजना ऑक्टोबर २०१९ पासून. सुरुवातीला मंजूर न्यायालयं १०२३, त्यातली ३८९ फक्त पॉक्सोची. २०२३ मध्ये मुदत वाढवली तेव्हा तीन वर्षांसाठी १९५२.२३ कोटी मंजूर झाले, त्यातला केंद्राचा १२०७.२४ कोटींचा वाटा निर्भया निधीतून, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निधीतून. एका कोर्टामागे काय धरलंय? एक न्यायाधीश, सात कर्मचारी आणि किरकोळीला फ्लेक्सी ग्रँट. या हिशेबात मुलाशेजारी बाकावर बसणारा माणूस कुठेच नाही.

आता भरपाईची बाजू. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, तेव्हा कमाल ३ लाख. डिसेंबर २०१७ मध्ये सुधारून १० लाखांपर्यंत नेली आणि काम विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलं. चांगली योजना आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती घटनेसाठी आहे. रोजच्या जगण्याचा त्यात विचार नाही.

रोजच्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ ही बाल संरक्षणाची योजना आहे. खर्च केंद्र ६०, राज्य ४० टक्के. त्यात प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून, महिना ४००० रुपये मिळतात आणि अत्याचारग्रस्त मुलं पात्र आहेत. अट बघा मात्र. ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांपर्यंत, बाकी ठिकाणी ९६ हजारांपर्यंत. म्हणजे पुण्यात महिना आठ हजार. काकूंची ती चार घरची कामं करणारी बाई बहुधा या आठ हजारांच्या जरा वरच असेल.

पासबुक_काकू
साडेनऊ मिळतात तिला. दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेलो तेव्हा तिने खरं तेच सांगितलं. मी बाहेर येऊन कपाळावर हात मारला आणि मग मलाच माझी लाज वाटली.

करदाता_४११०३०
अप्रिय प्रश्न विचारतो, तुटून पडू नका. प्रत्येक गोष्टीला सरकारचाच खिसा का? पुण्यात पैसेवाले कमी आहेत का? गणपती मंडळं लाखांनी वर्गणी गोळा करतात, मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर, घालावेच लागतात. आणि संस्थांना सरकारी अनुदान दिलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. कागदावर मुलं, कागदावर समुपदेशन, वर्षाअखेरीला बिलं.

निवांत_बाक
मी समुपदेशक. करदाते, बिलांबद्दलची तुमची शंका चुकीची नाही, खोटी बिलं मीही पाहिली आहेत. सीएसआरचा मात्र माझा अनुभव सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीकडे गेलो होतो. काचेची इमारत, कॉफी उत्तम. दोन समुपदेशकांचा वर्षाचा पगार मागितला होता, बस्स. बाई मनापासून ऐकत होत्या, एकदा डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. मग म्हणाल्या, “आम्हाला दर तिमाहीला लाभार्थ्यांचे फोटो लागतील, आणि एखादी सक्सेस स्टोरी, व्हिडिओत असेल तर उत्तम.” मी म्हटलं, या मुलांचे फोटो काढता येत नाहीत, कायद्यानेच. त्या म्हणाल्या, “चेहरा ब्लर करू की!” मी म्हटलं, गणवेश, घर, आवाज, आईचं मंगळसूत्र, कशावरूनही वस्तीत ओळखतात. शेवटी त्यांनी आम्हाला बारा संगणक दिले. कारण संगणकांचा फोटो काढता येतो.

ते बारा संगणक अजून आहेत. तीन चालू आहेत.

मंडळांचं म्हणाल तर माझ्या गल्लीतल्या मंडळाने एका मुलीसाठी खरंच पैसे जमवले होते, प्रेमाने. आठवड्याभरात सगळ्या पेठेला मुलगी कोण ते कळलं. कुटुंब भाड्याचं घर सोडून गेलं. देणगीला चेहरा लागतो आणि इथे चेहराच दाखवायचा नसतो. म्हणून मला वाटतं हे काम करातूनच व्हायला हवं. सरकारी तिजोरीला फोटो लागत नाही. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला लागतो, तो मी देईन.

करदाता_४११०३०
मंगळसूत्राचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. ठीक. पण मग खोट्या बिलांचं काय?

निवांत_बाक
मुलांची संख्या मोजून पैसे देऊ नका, माणसाचा पगार द्या. डोक्यामागे पैसे दिले की डोकी वाढतात. आणि एका माणसाकडे किती केसेस याला मर्यादा घाला. काकूंकडे आत्ता किती आहेत विचारा.

पासबुक_काकू
सतरा. काही नुसत्या तारखेला उभ्या राहतात, काही रोज फोन करतात.

चौथी_ब
मी शाळेत मुख्याध्यापिका आहे, शाळा कुठली ते सोडा. आमच्याकडे पोचतं ते कोर्टाच्या कितीतरी आधी. मूल वर्गात बोलतं ते एकाच बाईंजवळ, आणि बहुतेक वेळा डबा खाताना. कळल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक, नाही कळवलं तर शिक्षा आम्हाला. त्याबद्दल तक्रार नाही. पण कळवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल माझ्याच वर्गात असतं आणि बाकी पंचेचाळीस पोरं त्याच्याकडे बघत असतात. तेव्हा काय करायचं हे सांगणारं कुणी येत नाही.

मार्च २०२२ च्या आदेशाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती करायची आहे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये फोन आला, समिती आहे ना? आहे, फलकावर नावंही आहेत. त्या समितीच्या सभेच्या चहाची सुद्धा तरतूद नाही हो. समुपदेशक बोलवायचा तर शिक्षकांनी पैसे काढून. एकदा काढले. दुसऱ्यांदा पीटीच्या सरांनी विचारलं, “दर वेळी का बाई?” त्यांचंही काही चुकलं नाही.

कुकडीकाठ
तुमची सगळी चर्चा शिवाजीनगरच्या आसपास चाललीय. आमच्या जुन्नर तालुक्यातून पुणं नव्वद किलोमीटर. मुलीला घेऊन पहाटेची एसटी धरायची, नाहीतर गाडी करायची. गाडीचे अडीच-तीन हजार. समुपदेशक आठवड्याला एकदा या म्हणतात. आठवड्याला एकदा! तिसऱ्या आठवड्यात कुणी येत नाही आणि फाइलवर शेरा पडतो, ‘कुटुंब सहकार्य करत नाही’.

निधीचं म्हणाल तर दोन दरवाजे कुणी ठोठावत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बाल विकासासाठी राखून ठेवायचा असतो. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्केही महिला-बालकल्याणासाठी. मी पंचायत समितीत पाच वर्षं काढली आहेत. ते पैसे कशावर गेले तर शिलाई मशीन, सायकली, पिठाच्या गिरण्या. वाईट काही नाही, पण वाटपाचा कार्यक्रम घेता येतो, हार-तुरे होतात. समुपदेशकाचं वाटप कसं करणार? मी एकदा सभेत सुचवलं होतं की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस मुलांचा समुपदेशक बसवू. एक सदस्य म्हणाले, “आपल्या तालुक्यात असले प्रकार होत नाहीत.” विषय संपला. त्याच महिन्यात...

संपादन साहाय्य
वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या चार ओळी काढल्या आहेत. गाव आणि नात्यावरून ओळख पटू शकते. धाग्यात कृपया असे तपशील देऊ नयेत.

कुकडीकाठ
बरोबर केलंत. लिहिण्याच्या भरात गेलं.

लीड्सकर
पौड रोडवर वाढलो, आता इंग्लंडात. “तिकडे सगळं छान” असं म्हणायला आलेलो नाही. इथे मुलांच्या लैंगिक शोषणाच्या स्वतंत्र चौकशीचा अंतिम अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, सात वर्षं चाललेलं काम. त्यातली एक ठळक शिफारस अशी की अत्याचार झालेल्या प्रत्येक मुलाला खास उपचारात्मक आधार मिळण्याची हमी सरकारने द्यावी. म्हणजे इतक्या श्रीमंत देशातही ती हमी नव्हती. प्रतीक्षा यादी इथेही लांबच लांब.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. आइसलँडने १९९८ मध्ये ‘बार्नाहुस’ सुरू केलं, म्हणजे मुलांचं घर. एका साध्या घरात पोलिसांचा जबाब, डॉक्टरांची तपासणी, समुपदेशन, सगळं. मूल या कचेरीतून त्या कचेरीत जात नाही, कचेऱ्या मुलाकडे येतात. लंडनमध्ये त्याच धर्तीवर २०१८ ला ‘लाइटहाऊस’ निघालं. आपल्याकडे सखी वन स्टॉप सेंटर आहेत ना?

पासबुक_काकू
आहेत, २०१५ पासूनची केंद्राची योजना, निर्भया निधीतूनच. पण ती मुख्यतः महिलांसाठी बेतलेली. अठराखालची मुलगी तिथे चालते, नऊ वर्षांचा मुलगा घेऊन कुठे जायचं? मुलग्यांवरही अत्याचार होतात हे लोकांना पटवण्यातच माझा निम्मा वेळ जातो. महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांत पाहणी केली होती, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. हे अजूनही लोक तोंड वाकडं करून ऐकतात.

जागेचं म्हणाल तर आमचा प्रवास सांगते. पोलीस ठाणं, ससून रुग्णालय, येरवड्याला समिती, शिवाजीनगरला कोर्ट. वैद्यकीय तपासणी आणि उपचार मोफत आहेत, खासगी रुग्णालयालाही नकार देता येत नाही. पण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नव्याने विचारतं, “काय झालं बाळा?” एका मुलीने तिसऱ्या ठिकाणी मला विचारलं, “मी यांना चुकीचं सांगितलं का? परत का विचारतात?”

नाव_नको
फक्त वाचत होते. लिहू की नको करत दोन दिवस गेले.

मी चौतीस वर्षांची आहे. माझ्याबाबतीत झालं तेव्हा पॉक्सो नव्हता आणि घरात शब्दही नव्हता. तक्रार केली नाही, करायची नाहीये, ती व्यक्ती आता हयातही नाही. त्यामुळे मी कुठल्याच योजनेत नाही. मनोधैर्यसाठी एफआयआर लागतो.

मी थेरपी घेतली. एका वेळचे १५०० रुपये, आठवड्यातून एकदा, जवळजवळ दोन वर्षं. दीड लाखाच्या घरात गेले. मला नोकरी आहे म्हणून जमलं. विमा कंपनीला विचारलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला विमा द्यायला हवा, पण ते म्हणाले, ॲडमिट व्हाल तेव्हा. १४४१६ ही टेलि-मानसची हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एका वाईट रात्री तिचा उपयोग झाला होता. पण दर वेळी वेगळा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून सांगणं, ते मला नाही जमलं.

इथे कुणीतरी वर लिहिलंय की हे सगळं नंतर. मला वाटतं माझं ‘नंतर’ पंचवीस वर्षं चाललं.

रोखठोक_औंध
ताई, ते मीच लिहिलं होतं. माफ करा. काय बोलावं कळत नाहीये.

नाव_नको
माफी नको. रिक्षाचे पैसे द्या. :)

हिशेबनीस
मग मुद्द्यावर येऊ. वकीलसाहेब म्हणतात नियम आहे, काकू म्हणतात मिळत नाही. मधे काय अडकलंय ते माहितीच्या अधिकारात विचारू. मी मसुदा करतो.

प्रश्न: गेल्या तीन आर्थिक वर्षांत पुणे जिल्ह्यात पॉक्सो नियम ८ खाली बाल कल्याण समितीने किती शिफारशी केल्या, किती रक्कम दिली गेली आणि शिफारशीपासून किती दिवसांत. नियम ५ खाली यादीवर किती सहाय्यक व्यक्ती आहेत, त्यांना किती मानधन दिलं, कुठल्या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या खात्यातून). कलम १०५ च्या निधीतून जिल्ह्याला किती रक्कम आली, किती खर्च झाली, किती परत गेली. सखी केंद्रात अठराखालचे मुलगे किती आले. विशेष न्यायालयांनी अंतरिम भरपाई किती प्रकरणांत दिली.

काळा_कोट
हिशेबनीस, महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा हवा आणि १५० शब्दांत बसला पाहिजे. हा असा टाकलात तर ‘एकाहून अधिक विषय’ म्हणून परत येईल आणि महिना वाया. अंतरिम भरपाई विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळी मागा. सखी केंद्र वेगळं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अर्जात फक्त नियम ८ आणि नियम ५ चा खर्च ठेवा, विषय एकच लिहा: ‘पॉक्सो नियमांखालील आधारसेवांवरील खर्च’. आणि ‘का’ हा शब्द कुठेही नको. ‘का’ विचारलं की माहिती या व्याख्येत बसत नाही म्हणतात. किती, केव्हा, कुठल्या लेखाशीर्षातून, एवढंच.

करदाता_४११०३०
कोर्ट फी स्टॅम्पचे दहा-दहा रुपये माझ्याकडून. तीन अर्ज, तीस रुपये. अर्जदार म्हणून माझंही नाव चालेल, करदाता आहेच.

कुकडीकाठ
चौथा करा. ३ टक्के निधी कशावर गेला, जिल्हा नियोजन समितीकडे. तो मी टाकतो, तिथला बाबू मला ओळखतो. म्हणजे उशीर करेल, पण हरवणार नाही.

पासबुक_काकू
वकीलसाहेब, ते कळेपर्यंत थांबत नाही मी. माझ्या त्या मुलीसाठी नियम ८ चा अर्ज उद्याच समितीपुढे ठेवते. नमुना असतो का काही?

काळा_कोट
ठराविक नमुना शोधू नका, साध्या कागदावर चालतं. केस नंबर, गरज, रक्कम. मुलीचं नाव अर्जाच्या वरच्या पानावर घालू नका, आत बंद लिफाफ्यात. रिक्षाच्या पावत्या आहेत का?

पासबुक_काकू
रिक्षाची पावती? पुण्यात?

काळा_कोट
बरं. तारखांचे रोजनामे (कोर्टातल्या त्या दिवसाच्या नोंदी) जोडा, मीटरचा दर आणि अंतर लिहा. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट, तारीख दिसेल अशी. पैसे द्यायचा आठवडा मात्र समितीची शिफारस पोचल्यापासून मोजायचा.

हिशेबनीस
पहिला अर्ज पुन्हा लिहिला. १६३ शब्द होताहेत. ‘माननीय महोदय’ आणि ‘कृपया’ काढलं तरी १५८.

चौथी_ब
‘सदरहू’ तीनदा आहे आणि ‘उपरोक्त’ दोनदा. मी काढते, पाठवा इकडे.